तुझ्या हजेरीतलं माझं नाव

रिबेका,

तू गेलीस त्या आठवड्यात मला बरेच फोन आले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना तुझ्यावर दोन पानं हवी होती. जन्म कुठला, शिक्षण कुठं झालं, सत्कार किती झाले, असं सगळं विचारत होते. मी म्हटलं, यातलं मला काही धड सांगता यायचं नाही. मला एवढंच पक्कं माहीत आहे की या बाईने एकदा मला मुरूडला विसरून सहलीची बस पुढं नेली होती. पलीकडचा मुलगा असा हसला की मलाही हसू आवरेना. फोन ठेवल्यावर डोळे पुसले. तुझ्याबद्दल बोलायला बसलं की हे असंच होणार, म्हणून ते दोन पानांचं प्रकरण मी नाकारलं. जे सांगायचं ते आता तुलाच सांगते.

आपली पहिली भेट तुला आठवते का? पेणच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकती लागले होते. लग्न होऊन रोह्याला आलेली, नवरा धाटावच्या कंपनीत, रोज रोहा ते पेण ये-जा. शिक्षकांच्या खोलीत तू वहीतलं डोकंही वर न काढता विचारलंस, "कुठली गो तू?" मी म्हटलं, बार्शीची. "म्हंजे घाटावरची," असं म्हणून तू माझ्या कपाळावर शिक्का मारून टाकलास. मला राग आला. मी विचारलं, आणि आपण कुठल्या? तर तू शांतपणे म्हणालीस, "आम्ही समुद्रातनं आलो."

मला वाटलं, ही बाई नव्या मास्तरणीची फिरकी घेतेय. मग दुपारच्या सुट्टीत तू नीट सांगितलंस. तुमच्या यहुदी पूर्वजांचं गलबत अलिबागजवळच्या किनाऱ्यावर फुटलं. जे वाचले ते इथंच राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. देव एक, भाषा मराठी, आडनावाला गावाचं नाव. तुझ्या आळीत पूर्वी अशी घरं गच्च होती. एकेक करत सगळी इस्रायलला गेली. तुझा मुलगा डेव्हिडही गेला. तो दरवर्षी तुला बोलवायचा आणि तू दरवर्षी त्याला एकच उत्तर द्यायचीस की तिकडं मराठीत भांडायला मला कोण मिळणार.

भांडायला मी होते ना. नाकावर राग घेऊन फिरणारी घाटावरची बाई तुला आयतीच सापडली होती.

तुझी एक गोष्ट मला पहिल्या वर्षी अजिबात समजली नाही. गणिताची शिक्षिका, पण माणसं मोजायची नाहीस. वर्गात हजर मुलं किती हे मुख्याध्यापक विचारायचे, तर तू नुसती नावं वाचून दाखवायचीस आणि बेरीज त्यांच्यावर सोपवायचीस. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा कळलं, तुझ्या आजीने तसं वळण लावलं होतं. गुरं मोजावीत, नारळ मोजावेत, माणसांची नावं घ्यावीत. माणूस मोजला की त्याला दृष्ट लागते, असं आजी म्हणायची. तुझा दृष्टीबिष्टीवर विश्वास नव्हता, तरी तू मरेपर्यंत कुणाला मोजलं नाहीस. घरी चहाला माणसं आली तरी कप काढताना तोंडाने नावं पुटपुटायचीस.

त्याचाच प्रसाद मला मुरूडला मिळाला. सहल जंजिरा बघून परत निघाली होती. मी जेट्टीपाशी एका नावाड्याच्या बायकोशी बोलत उभी राहिले, तिने उकडलेल्या शेंगा पुढं केल्या, आणि मी बसले. तिकडे बसच्या दारात उभी राहून तू सगळ्या मुलांची नावं घेतलीस. सगळी हजर. बाई काही हजेरीपटात नव्हत्या. बस सुटली. बस चालवायला तुझे चुलतभाऊ शालोमभाऊ होते, एसटीतले खमके ड्रायव्हर, त्यांनीही मागं वळून पाहिलं नाही. काशीदच्या पुढं गेल्यावर तुला भूक लागली आणि माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं आठवलं, तेव्हा तुमच्या लक्षात आलं की लोणचं आहे पण लोणचंवाली नाही.

बस परत आली तेव्हा मी रागाने लाल झाले होते. तू खाली उतरलीस, माझ्यापुढं उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तुझं नाव घ्यायचं राहिलं गो." माफीबिफी काही नाही. पण त्या दिवसापासून कुठंही निघताना तू सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर शेवटी "सुनंदा" म्हणायचीस आणि मी "हजर" म्हणेपर्यंत हलायची नाहीस. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, रोहा स्टेशनवर, अगदी आपण दोघीच असलो तरी. लोक बघत राहायचे. मी वरवर वैतागायचे आणि आतून फार सुखावायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकते.

रामवाडीचा तो फलक आपण दोघींनी मिळूनच पहिल्यांदा पाहिला. हायवेलगत नवं खासगी विद्यापीठ उभं राहिलं होतं आणि त्यांनी सगळीकडे जाहिराती लावल्या होत्या. फलकावर एक गोड मुलगा पाटासमोर बसलेला. हात मातीने भरलेले, समोर अर्धी घडलेली गणपतीची मूर्ती. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "या मातीतल्या पोरांचं विद्यापीठ." मी वाचलं आणि मला बरं वाटलं. आपल्या मुलांना मुंबई-पुण्याला जावं लागणार नाही असं काहीतरी मी म्हणणार होते, एवढ्यात तू हसायला लागलीस. रस्त्याच्या कडेला उभी राहून, पोट धरून हसलीस. शेवटी म्हणालीस की अगं, जोह्यातल्या गणपतीच्या कारखान्यात ही शाडू माती गुजरातेतून येते, ट्रक भरभरून. जोहे-हमरापूरच्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. फक्त जाहिरात करणाऱ्याला नव्हतं.

आठवडाभर आपण त्यावर हसत होतो. मग सोनमचं झालं आणि हसू आटलं.

सोनम तुझ्यामाझ्यात अर्धीअर्धी वाटलेली मुलगी. बाप जौनपूरहून येऊन धाटावच्या कंपनीत लागलेला, तीन पाळ्यांत राबणारा. सोनम जन्मली रोह्यात, शाळा रोह्यात. मराठी तिला मी घरी शिकवलं आणि गणितासाठी ती रविवारी मेमू गाडीने पेणला तुझ्याकडे यायची. आपल्या दोघींच्या भांडणातली ती पंच होती. बारावीला चांगले गुण पडले आणि ती नव्या विद्यापीठात प्रवेश घ्यायला गेली. खिडकीतल्या माणसाने आडनाव वाचलं आणि मूळ गाव विचारलं. तिने रोहा सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, मूळ म्हणजे मूळ. तिने जौनपूर सांगितलं. त्यावर तो म्हणाला, आधी इथल्या मुलांचं होऊ दे, मग बघू. आणि बोट दाखवलं भिंतीवरच्या त्याच वाक्याकडे.

ती थेट माझ्याकडे आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मी हितली नाय तर कुठली हाय, ते तरी त्यांना विचारून ठेवा." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्वतः बार्शीची. मला इतक्या वर्षांत कुणी मूळ गाव विचारून दारातून परत पाठवलं नव्हतं. आडनाव बरोबर असलं की चालतं, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं.

मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि मोहोळ उठलं. कुणी म्हणे वाक्य बरोबर आहे, आमच्या जमिनी गेल्यात, आमची पोरं आधी. हे खोटं नव्हतं, तेही मला कळत होतं. कुणी म्हणे हे बाहेरच्यांना हाकलायचं कारस्थान आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्यांच्या वाडीतले लोक म्हणाले की आम्ही सगळ्यात जुने, पण फलकावरच्या पोराचे कपडे बघा, तो आमच्यातला दिसतो का? मोबाईलवर रोज नवं भांडण. आमची पोरं आधी म्हणणाऱ्यांचं नेतृत्व तुझ्याच वर्गात शिकलेला प्रकाश करत होता. तू त्याला पुढारी म्हणायची नाहीस, अपूर्णांकात कच्चा असलेला प्रकाश म्हणायचीस.

आणि मग दोन्ही बाजूंना तुझी आठवण झाली. विरोध करणारे तुझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही आमच्याबरोबर उभ्या राहा, वगळलेल्यांचं तुमच्याहून मोठं उदाहरण कुठलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचा जनसंपर्क अधिकारी आला, टाय लावलेला, घामाने भिजलेला, इंदूरचा भला मुलगा. तो म्हणाला, तुमचा फोटो नव्या फलकावर टाकू, आम्ही सगळ्यांना सामावून घेतो हे लोकांना दिसेल. तू दोघांनाही पोह्याचे पापड तळून घातलेस आणि दोघांनाही सांगितलंस की मी कुणाचा फलक व्हायला मोकळी नाही.

हे मला आवडलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात तू त्यांच्या सभेला जायला हो म्हणालीस आणि आपलं वाजलं. विद्यापीठाने पेणच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं होतं, गैरसमज दूर करायला म्हणे. तुला मंचावर बसवणार होते. मी म्हटलं, तुझा वापर करून घेतायत. तू म्हणालीस, घेऊ दे. मी म्हटलं, सोनमचं काय? तू म्हणालीस, तिलाही घेऊन ये. मला ते तुझं गूढ बोलणं असह्य झालं आणि मी नको ते बोलले. म्हटलं, तुला वगळलं जाण्याचं काही वाटत नाही, कारण तुला सवय आहे. तुमच्या प्रार्थनाघरात पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. किल्ली तुझ्याकडे, झाडलोट तू करतेस, शुक्रवारी दिवा तू लावतेस आणि त्या दहांत तू धरली जात नाहीस.

तू पापडाचं पीठ जोरात मळलंस. मग म्हणालीस, "ते माझं घर हाय. घरात मी रोज भांडते, अजून भांडीन. शालोमला विचार, त्याचे कान किटलेत. पण सोनमला दारातनंच फिरवली. तिला भांडायला पण आत घेतली नाय."

मी ताडकन उठले. पिशवी उचलून निघाले. त्या दिवशी तू दारात "सुनंदा" म्हटलंस आणि मी पहिल्यांदाच हजर न म्हणता स्टेशनवर आले. मेमूत बसल्यावर वाटलं, हिने मागून पुन्हा हाक मारायला हवी होती. हा आपल्या अबोल्याचा पहिला दिवस आणि तो सभेपर्यंत चालला.

सभा त्यांनी ठेवली शनिवारी. सगळ्यांना सामावून घेणाऱ्यांना एवढंही कुणी विचारलं नाही की रिबेकाबाई शनिवारी गाडीत बसत नाहीत, माईकला हात लावत नाहीत, पेन धरत नाहीत. तू तक्रार केली नाहीस. त्यांनी पाठवलेली गाडी परत पाठवलीस आणि पांढरी साडी नेसून आळीतून सभागृहापर्यंत चालत आलीस. मी सोनमला घेऊन मागच्या रांगेत बसले होते. तुझ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

कुलगुरू बोलले. चांगलं बोलले, पण कुणाला काही लागलं नाही. प्रकाश बोलला आणि अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. विरोधातले उभे राहून ओरडू लागले. मग त्या इंदूरच्या मुलाने घाईघाईने तुझ्यापुढं माईक आणला. तू तो हाताने बाजूला सारलास आणि शाळेतला आवाज काढलास. तो आवाज, रिबेका, ज्याने वाजणारी घंटासुद्धा थांबायची. तू म्हणालीस, बसा खाली, मी हजेरी घेते. नाव घेईन त्याने हजर म्हणायचं आणि आजोबा कुठनं आले ते सांगायचं.

सभागृहातली निम्मी माणसं तुझी विद्यार्थी. ती बसलीच. बाकीची त्यांच्याकडे बघून बसली.

तू सुरुवात प्रकाशपासून केलीस. तो पुढारी क्षणात सातवीच्या बाकावर गेला, हात मागे बांधून म्हणाला, हजर बाई. आजोबा? तो घुटमळला. मग म्हणाला, संगमेश्वराकडचे, इथं मिठागरावर कामाला आले. पापड करणारी शेवंता म्हणाली, सासरा देशावरचा. जोह्याचा मूर्तिकार उभा राहिला आणि म्हणाला की आजोबा इथलेच, पण बाई, माती भावनगरची. त्यावर जो हशा पिकला, तो कुलगुरूंपर्यंत पोचला. तू त्यांचंही नाव घेतलंस, नुसतं नाव, साहेब न लावता. ते हसत उभे राहिले, हजर म्हणाले, आजोबा काटोलचे. इंदूरच्या मुलाने न विचारताच इंदूर सांगून टाकलं. कातकरीवाडीची एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, आमचे कुठूनच आले नाहीत, इथंच होते, आम्हालाच कुणी विचारलं नाही. तू तिला म्हणालीस, आज विचारलं, आता रोज विचारायला लावू.

मग तू सोनमचं नाव घेतलंस. ती उठली. "हजर. आजोबा जौनपूरचे. मी रोह्याची," असं म्हणून ती उभीच राहिली, खाली बसेना. टाळी कुणी वाजवली नाही, पण प्रकाशने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

आणि शेवटी, सवयीने, तू "सुनंदा" म्हणालीस. आपला अबोला होता. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. मी हजर म्हटलं. बार्शी म्हटलं. इतक्या घाईत म्हटलं की बार्शीचं काय झालं ते बार्शीकरांनाही कळलं नसतं. तुझ्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला आयुष्यभर पुरेल.

त्यानंतर तू एवढंच म्हणालीस, "मी पण हजर. माझे समुद्रातनं आले. आता फलक कुणासाठी लावलाय तेवढं सांगा." आणि बसलीस.

फलक उतरला. लगेच नाही, बरीच पत्रं गेली, बैठका झाल्या, प्रकाशनेही आतून रेटा लावला. जमिनी गेलेल्यांच्या मुलांसाठी काय करायचं ते वेगळं ठरलं, ते व्हायलाच हवं होतं. सोनमला प्रवेश मिळाला, कातकरीवाडीतून पहिल्यांदा दोन पोरी गेल्या. त्या दिवशी तू मलिदा केलास. तुमच्यात नवस फिटला की करतात तसा. पेणचे पोहे भिजवून, गूळ, खोबरं, वेलची घालून, ताटात फळं मांडून, एलियाहू नबीचं नाव घेऊन. तू नवस बोलली होतीस हे मला तेव्हा कळलं. आपल्या अबोल्याच्या दिवसांत बोललेली. सोनमच्या आईने तो मलिदा दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि देव कुठला ते विचारलंसुद्धा नाही. मला मात्र तू ताट देताना खुसफुसलीस, सोनमचा नवस एक आणि तुझ्या रागाचा दुसरा. तिथंच आपण दोघी मुलींसारख्या हसलो.

विद्यापीठाचं नवं वाक्य आलं, "सर्वांचं विद्यापीठ." मला ते अळणी वाटलं. पापडखाराशिवायचा पापड, असं मी म्हटलं आणि तू ते तुझं वाक्य असल्यासारखं सगळीकडे वापरलंस. पण तू म्हणायचीस, अळणी असलं तरी कुणाला बोचत नाही. मी म्हणायचे, बोचत नाही ते कुणाला कळतही नाही. हे भांडण आपलं शेवटच्या रविवारपर्यंत चाललं. त्या रविवारी तू म्हणालीस, माझ्याकडे एक बरं वाक्य आहे, पुढच्या रविवारी सांगते, आज पापड उन्हात आहेत. पुढचा रविवार आला, तू नव्हतीस. तुझं ते वाक्य मला ठाऊक नाही आणि आता कळायचंही नाही. मी काही दिवस यावर चिडले होते. मग वाटलं, तू मुद्दामच ठेवलं असशील, मी विचार करत बसावं म्हणून.

तुला निरोप द्यायला आलेली माणसं बघून तू हसली असतीस. शालोमभाऊ आता रोह्याजवळच्या अष्टमीत राहतात, गुडघ्यांनी गेलेले, पण आवाज एसटीतलाच. त्यांनी रोह्याहून एक टेम्पो केला. त्यात मी, सोनम, तिचे आईबाप, धाटावच्या चाळीतल्या बायका, सगळी कोंबून आली. कब्रस्तानाच्या बाहेर रस्ता भरला होता. प्रकाश होता, जोह्याचे मूर्तिकार होते, कुलगुरू रांगेत मागे उभे होते. एवढी गर्दी, आणि आत शेवटच्या प्रार्थनेला दहा पुरुष भरेनात. शालोमभाऊ तुझ्याच घरचे. त्यांनी मोजलं नाही, नावं घेतली. अलिबागचे, पनवेलचे, पेणचे उरलेसुरले. एक नाव राहत होतं. अलिबागहून येणारे एक आजोबा वाटेत अडकले होते. अख्खं पेण एका स्कूटरची वाट बघत उभं राहिलं. शेवटी ते आले, हेल्मेट काढायचं विसरून थेट आत शिरले, आणि फाटकाशी लोक हसले. तुझ्या अंत्ययात्रेत लोक हसले, रिबेका. डेव्हिड मोबाईलच्या पडद्यावर होता, तो रडतारडता हसला.

प्रार्थना चालली तेव्हा मी फाटकाशी उभी होते. आपलं ते भांडण मनात आलं. दहांत तू नव्हतीस, आणि ते दहाही तुझ्यासाठीच धडपडत आले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, की माझं घर हाय, भांडते अजून. आता तुझ्या वाटचं कोण भांडणार, हा प्रश्न मी शालोमभाऊंना कधीतरी विचारणार आहे. त्यांचे कान किटले असतील तर असोत.

दुपारी परत निघालो. टेम्पो सुरू झाला होता, बायका चढत होत्या. मी अजून फाटकाशीच रेंगाळत होते. का ते सांगता येणार नाही. तुला एकटीला ठेवून निघणं माझ्याच्याने होत नव्हतं. तेवढ्यात शालोमभाऊ पुढच्या सीटवरून खाली उतरले, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि टेम्पोच्या दारात उभे राहिले. दांडी धरून, जशी तू पूर्वी बसच्या दारात उभी राहायचीस. ड्रायव्हरला म्हणाले, थांब, नावं घेतो.

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ती तुम्हाला शेवटी घ्यायची. माझ्या गाडीतनं एकदा राहिलात, पुरे झालं. आज तुमचं पहिलं." आणि त्या मोठ्या एसटीच्या आवाजात, सगळ्या पेणला ऐकू जाईल असं, त्यांनी हाक मारली.

"सुनंदा."

मी फाटकाची कडी लावली आणि हजर म्हटलं.